लाईट गेल्याची नोंद

रविवार, ११ फेब्रुवारी २००७

ट्रान्सपोर्टवाल्यांनी नव्या वर्षाच्या डायऱ्या जानेवारीतच पाठवल्या होत्या. मॅनेजर मनोजसरांनी चांगल्या होत्या त्या घरी नेल्या आणि कव्हरवर ट्रकचा फोटो असलेली ही एक काल माझ्या टेबलावर आणून ठेवली. "तुम्हाला लिहायची आवड आहे ना मॅडम." म्हणजे दीड महिना कोरा गेला. बरंच झालं, दीड महिन्यात लिहिण्यासारखं काही घडलंही नाही.

वही नवी आहे, तेव्हा आधी ओळख. मी धम्मदिना, वय सत्तावीस, राहणार टेमघर. बायपासवरच्या साबण-शाम्पूच्या गोडाऊनमध्ये नोकरी. ऑफर लेटरवर हुद्दा 'डेटा इंजिनियर' असा आहे, पण गोडाऊनमध्ये मी 'प्रिंटरवाल्या मॅडम', कारण प्रिंटरमध्ये कागद अडकला की सगळ्यांना माझी आठवण येते. खरं काम असं की इथे खोका आत आला, बाहेर गेला, की त्याची नोंद आमच्या कॉम्प्युटरवर होते, आणि ती नोंद मुंबईच्या मोठ्या कॉम्प्युटरपर्यंत सुखरूप पोचवायची. ऐकायला सोपं वाटतं. पण भिवंडीत दिवसातून दोनदा तीन-तीन तास लाईट जाते, आणि नोंद लिहिता लिहिता लाईट गेली की ती धड इथली राहत नाही, धड तिथली.

म्हणून मी 'बार्ज' वापरायला लागले. बार्ज हा प्रोग्राम कुणा एका कंपनीचा नाही. जगभरातले लोक तो आपापल्या घरून लिहितात. कुणीही फुकट घ्यावा, उघडून बघावा, जमलं तर सुधारावा. मी सुधारला. लाईट गेली तरी नोंद मरू नये, हा त्यातला भाग आता माझा आहे. चौदा महिने घरच्या कॉम्प्युटरवर लटक्या नोंदी घालत तो अखंड चालू ठेवलाय, यूपीएस मुद्दाम काढून. भिंतीवर तक्ता लावलाय: लाईट गेली ८४१ वेळा, हरवलेल्या नोंदी शून्य.

काल अन्सेल्मची मेल आली. हा जर्मनीतल्या कील गावचा, बार्ज त्यानेच सुरू केला. एप्रिलअखेर पहिली पक्की आवृत्ती निघणार आणि सोबतच्या पत्रकात माझं वाक्य जाणार: 'आठशेहून जास्त वेळा वीज गेली, एकही नोंद हरवली नाही.' आणि २५ एप्रिलला मतदान. बार्जमध्ये कुणाला न विचारता बदल करण्याचा हक्क सध्या फक्त सात जणांना आहे. आठवी मी व्हावी असं त्याने सुचवलंय. मेलची सुरुवात 'प्रिय श्री. धम्मदिना' अशी होती. श्री. तर श्री. मला हा हक्क हवाय. दिवाळीत पगारवाढ हवी होती त्याहून जास्त हवाय. स्वतःच्या वहीत लिहायला लाज कसली.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

बाबा गेल्या ऑक्टोबरला रिटायर झाले. चौतीस वर्षं वीज मंडळात लाईनवर. तेव्हापासून पडवीत खुर्ची टाकून बसतात आणि पेपरातल्या टेंडर नोटिशीसुद्धा वाचतात. टेस्टर अजून शर्टाच्या खिशातच. आई म्हणते, हा माणूस घरात असूनही ड्युटीवर असल्यासारखा बसतो.

आज जेवताना त्यांनी बार्जबद्दल विचारलं. मी समजावलं.

"म्हंजे तू बनवलंस, आन त्ये जर्मन लोक वापरणार."

"सगळेच वापरणार बाबा. जगात कुणीही."

"आन तुला काय?"

"हक्क मिळणार."

"कसला?"

"आणखी काम करायचा."

बाबांनी आईकडे बघितलं. आई पोळी शेकता शेकता म्हणाली, "मंग माझ्यासारखंच हाय की."

जेवल्यावर बाबा भिंतीवरच्या तक्त्यापाशी चष्मा लावून बराच वेळ उभे होते. कधी गेली, कधी आली, सगळं बोट लावून वाचलं. "लाईट गेल्याची नोंद ठेवतेस व्हय," एवढंच म्हणाले. बिचारे. त्यांना त्यातलं काय कळणार.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

अन्सेल्मला शंका काढायची सवयच आहे. आजची शंका: 'वीज परत आली, तुमचा प्रोग्राम अजून सावरतोय, आणि तेवढ्यात वीज पुन्हा गेली तर?'

मी ठणकावून उत्तर दिलं. 'एकदा आलेली वीज पुढच्या ठरलेल्या वेळेपर्यंत जात नाही. मी भिवंडीची आहे. वीज कशी जाते हे मला शिकवू नये.' त्यावर त्याची लगेच माफी आली, म्हणाला असा अनुभव त्याच्याकडे खरंच नाही.

मी ही मेल मराठी करून घरात वाचून दाखवली. बाबांना आमटी पिता पिता ठसका लागला. आई त्यांच्या पाठीवर थापा मारत राहिली.

मंगळवार, ६ मार्च

घात झाला. पाणीपुरवठ्याचे नवे पंप आमच्या भागाच्या लाईनला जोडले. पाण्याच्या पंपांना भारनियमन लागू नाही, म्हणजे आम्हालाही नाही. आजपासून टेमघरच्या आमच्या गल्लीत चोवीस तास लाईट. शेजारच्या रामनाथकाकांनी पेढे वाटले. दोन पोरांनी भर दुपारी फटाके लावले. अख्ख्या गल्लीत तोंड पाडून बसलेली मी एकटी.

अन्सेल्मने सांगितलंय की पक्की आवृत्ती निघेपर्यंत तपासणी चालू हवी. रोजची नोंद हवी. आता मी काय कंदील लावू?

"कॉम्प्युटरचं बटन तूच बंद कर की," आई म्हणाली. मी म्हटलं, "तसं चालत नाही, मला माहीत असलं की ती परीक्षाच नाही. लाईट आपल्या मनाने गेली पाहिजे. आता जात नाही तर माझं कसं होणार?" आणि ताटावरून उठले. नाटकीच झालं थोडं. बाबांचा घास हातातच राहिला होता.

शुक्रवार, ९ मार्च

गेली! सकाळी अकरा वीसला गेली, अकरा चोवीसला आली. संध्याकाळी घरी येऊन कॉम्प्युटरची नोंद बघितली आणि नाचायचीच बाकी राहिले. ८८८. शून्य हरवल्या. चोवीस तास लाईट म्हणे! ह्या लोकांवर भरवसा ठेवला होता तो सार्थ ठरला.

बाबांना सांगितलं. "आस्सं?" म्हणाले आणि पेपर उघडला. पेपर परवाचा होता.

रविवार, १८ मार्च

आता रोजच जाते, दोन-तीनदा, आणि वेळेला काही धरबंध नाही. आज माझ्या डोळ्यांदेखत गेली. गंमत अशी की रामनाथकाकांचा टीव्ही भिंतीपलीकडे जोरात चालू होता, क्रिकेट. इन्व्हर्टर घेतलेला दिसतोय. पेढे वाटले तेव्हा बोलले नाहीत, आपल्यात कुणी मोठी वस्तू घेतली की आधी लपवतात.

मिक्सरमध्ये आईचं वाटण अर्धं राहिलं. तिने वाटीच आपटली. मी म्हटलं, "आई, मंडळाला शिव्या दे, भांड्यांना कशाला?" ती म्हणाली, "मंडळालाच देते. तुझ्या बापाला विचार." बाबा तेवढ्यात बाहेरून आले, हाताला जाळी-जळमटं लागलेली. रिटायर झाल्यावर माणूस माळे साफ करायला लागतो असं ऐकलं होतं, ते खरं आहे. हात धुता धुता त्यांनी मला विचारलं, "एक सांग, लाईट आल्यावर तुझा कॉम्प्युटर उठून कामाला लागायला किती मिनटं घेतो?"

"दोन-अडीच. का?"

"काय न्हाय, सहज."

लक्ष घालतायत म्हणून बरं वाटलं. उद्या त्यांना नीट समजावून सांगेन, सोप्या भाषेत.

मंगळवार, २७ मार्च

हे लिहू की नको असं झालंय.

आज दुपारी साडेबाराला लाईट गेली. पाच मिनिटांनी आली. तीन मिनिटांनी परत गेली. मग आली. आणि एक्केचाळीस नोंदी नाहीत. कुठेच नाहीत. प्रोग्राम नोंद आधी कच्च्या टिपणात घेतो आणि मग पक्क्या वहीत उतरवतो; दोन्हीकडे नाहीत.

डिस्क खराब झाली असणार. चौदा महिने बिचारीने मार खाल्लाय. खराब डिस्कचा दोष माझ्या प्रोग्रामच्या नावावर का टाकायचा? तक्त्यावर आजची नोंद केली नाही.

बुधवार, ४ एप्रिल

नवी डिस्क टाकली होती. आज परत तेच. गेली, आली, तीन मिनिटांत परत गेली. सव्वीस नोंदी गायब.

आता राग डोक्यात गेला. लाईट जाण्याची काही रीत असते की नाही? सरळ मंडळाच्या तक्रार खिडकीवर गेले. तिथल्या माणसाने वही उघडून दाखवली: मॅडम, तुमची लाईन महिनाभरात एकदाही बंद झालेली नाही. धडधडीत खोटं. मी लेखी तक्रार ठोकली, पोच घेतली.

घरी सांगितलं तर बाबांना घाम फुटला. "आगं तक्रार कशाला करतंस? पोरं भली हायत ती. कामाचा लोड किती असतो त्यांना!" चौतीस वर्षांची माया अशी सुटत नाही.

शनिवार, ७ एप्रिल

तक्रारीवरून मंडळाचे चिंधूकाका तपासायला आले. हे बाबांच्या हाताखाली तयार झालेले. त्यांनी मीटर बघितला, वर तार बघितली, मग बाबांनी त्यांना पडवीच्या कोपऱ्यात नेलं. चहा झाला. दोघं इतकं हसत होते की चिंधूकाकांच्या बशीतला चहा शर्टावर सांडला. मी बाहेर गेले तर दोघं गप्प.

"लाईन एकदम ओके हाय ताई," चिंधूकाका म्हणाले. "फॉल्ट घरातला हाय. जुना हाय, आता काय बदलायचा न्हाय." आणि परत तोंड फिरवून हसले. असे लोक असल्यावर तक्रारींचं काय होणार! मी निषेध म्हणून त्यांना दुसरा चहा विचारला नाही.

शनिवार, १४ एप्रिल

जयंती. बाबा पहाटेपासून मंडपाच्या रोषणाईला गेले होते ते मिरवणूक संपेपर्यंत घरी फिरकले नाहीत. सगळी गल्ली निळी झाली होती. दिवसभरात लाईट एकदाही गेली नाही. आजच्या दिवसाची तरी मंडळाने लाज राखली.

मंगळवार, १७ एप्रिल

तिसऱ्यांदा. गेली, आली, गेली. तेहतीस नोंदी.

डिस्क नाही, हे मला आता माहीत आहे. कदाचित पहिल्या दिवशीही माहीत होतं. अन्सेल्मने फेब्रुवारीत विचारलं होतं तेच घडतंय आणि मी त्याला भिवंडीचा तोरा दाखवला होता.

आज त्याने पत्रकाचा मसुदा पाठवला. माझं वाक्य पहिल्याच परिच्छेदात आहे, आकडा नवा टाकून. खाली विचारलंय: 'बरोबर आहे ना?' मतदानाला आठ दिवस उरलेत. मी लिहिलं, 'बरोबर आहे.' पाठवलं. नंतर आईने दिलेला चहा तसाच ठेवला, त्यावर साय धरली.

आठव्या जागेवर माझं नाव लागलं की मी ते नीट करून टाकेन, कुणाला कळायच्या आत. हे लिहिताना पटतंय. वाचताना पटत नाही.

शनिवार, २१ एप्रिल

गोडाऊनच्या पत्र्याचं काम निघालं म्हणून दुपारी बाराला सोडलं. रिक्षा मिळाली, साडेबाराला घरी.

पडवीत स्टुलावर बाबा उभे. मीटरच्या पेटीचं झाकण उघडं. डाव्या हातात फ्यूज, उजव्या हाताच्या घड्याळावर डोळे. आई स्वयंपाकघराच्या दारात, हातात मिक्सरचं भांडं.

"झालं का?"

"थांब. आजून दीड मिनिट. फांदी हाय ही."

"मंगळवारीपण फांदीच व्हती. आज कावळा करा, लवकर आटपतं."

मी दारात. कुणाच्या लक्षात नाही. बाबांनी फ्यूज बसवला, घड्याळ बघितलं, तीन मिनिटं एखादा पुतळा असावा तसे उभे राहिले, आणि परत काढला. मग वळले आणि मला बघितलं. फ्यूज पाठीमागे लपवला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस!

"बाबा!"

"तूच म्हनलीस ना, लाईट जात न्हाय, माझं कसं होणार."

मला ओरडायचं होतं. मंडळात जाऊन मी त्या माणसाला काय काय बोलले होते! रामनाथकाकांच्या इन्व्हर्टरबद्दल तर मी गल्लीभर सांगितलं होतं. पण ओरडायला तोंड उघडलं आणि हसूच फुटलं, आणि हसता हसता रडूही आलं. आई म्हणाली, "आधी ती लाईट लावा, मंग काय ते करा."

मग बाबांनी खुर्चीखालून एक रजिस्टर काढलं. मंडळात असतं तसंच, लाल कापडाच्या पाठीचं. रकाने आखलेले: दिनांक, गेली, आली, कारण. कारणाच्या रकान्यात त्यांच्या ठसठशीत अक्षरात: कावळा. मांजा. फांदी. तारेचा जोड (जम्पर) सैल. ट्रकची धडक, खांब वाकला. आणि बऱ्याच ठिकाणी, कारण समजले नाही.

"हे काय?"

"जसं कारण, तशी लाईट जाते," बाबा म्हणाले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा आवाज ड्युटीवरचा वाटला. "शेडिंगला लाईट जाणं म्हणत न्हाईत. ती घालवलेली लाईट. टायमावर जाते, टायमावर येते. खरी तशी न्हाय जात. कावळा बसला तर एकदाच, झपकन. फांदी असली तर सबस्टेशनवाला लाईन परत चार्ज करून, म्हंजे चालू करून, बघतो. दोन-तीन मिनटं धरते, वाऱ्यानं फांदी परत टेकते, परत जाते. तिसऱ्या टायमाला आम्ही शिडी घेऊन निघायचो. तू त्या जर्मनला लिहिलंस आलेली लाईट परत जात न्हाय, तवाच म्हटलं, पोरीला हे दाखवाया पायजे."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तू म्हनलीस, माहीत असलं की परीक्षा न्हाय."

चौदा महिने मी एकच पेपर आठशे वेळा सोडवला होता आणि पैकीच्या पैकी मिळाले म्हणून नाचत होते.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण बाबांनी रजिस्टर आणि माझा तक्ता शेजारी ठेवला. "एक इचारू? आजची सोडून माझ्याकडं ब्याण्णव हायत. तुझ्याकडं एकोणनव्वद. ह्या तीन फांद्या तुझ्यात न्हाईत. त्या टायमाला कॉम्प्युटर बंद व्हता काय?"

हो म्हणायचं तोंडावर आलं होतं. म्हटलं, "चालू होता." आणि मग सगळं सांगितलं, मतदान, पत्रक, 'बरोबर आहे' सुद्धा.

बाबा रागावले नाहीत. रजिस्टर मिटून मांडीवर घेतलं. "पडघ्याला आमच्याबरोबर तुळशीराम म्हणून व्हता. तू तिसरीत व्हतीस तवा. आदल्या शिफ्टवाल्यानं लाईन चार्ज केली आन रजिस्टरला लिहायचं ऱ्हायलं. तुळशीरामनं रजिस्टर बघितलं, लाईन बंद दिसली, वर चढला." मला तुळशीरामकाकांच्या घरी गेल्याचं आठवतं, आईने मला बाहेरच बसवलं होतं.

रविवार, २२ एप्रिल

सगळ्यांना एकत्र जाते त्या मेलवर लिहिलं. तीन वेळा नोंदी हरवल्या, तारखा ह्या, मी त्या लपवल्या, काल चौथ्यांदा हरवल्या, पत्रकातलं वाक्य खोटं आहे, काढा. दुसऱ्या वेळी लाईट गेली की काय होतं तेही लिहिलं: माझा प्रोग्राम पक्की नोंद नीट उमटायच्या आधीच कच्चं टिपण पुसतो. आणि पाठवायचं बटण दाबलं. बाबा शेजारी उभे होते, काही कळत नसताना पूर्ण मेल वाचत होते. मी श्री. नसून कुमारी आहे, तेही शेवटी घातलं. एकदा खरं सांगायला बसल्यावर सगळंच.

गुरुवार, २६ एप्रिल

मतदान झालं. तीन हो, चार नाही. अन्सेल्मचंही मत 'नाही'च. त्याने लिहिलंय: 'तुम्ही हे २७ मार्चला सांगितलं असतं तर मी काल हो म्हटलं असतं.' पक्की आवृत्ती पुढे ढकलली आहे.

फार लागलं. गोडाऊनमध्ये दोनदा बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. मनोजसर म्हणाले, प्रिंटर नवा घेऊ पण रडू नका.

मेलच्या शेवटी त्याने एक प्रश्न विचारलाय: 'वीज तीन मिनिटांच्या अंतराने दोनदा घालवावी हे कुणाला सुचलं? त्यांच्याशी बोलता येईल का?'

रविवार, ६ मे

रजिस्टरचं इंग्रजी करून पाठवलं. अन्सेल्मचे प्रश्न आले, बावीस. बाबा पडवीत खुर्चीवर बसून उत्तरं सांगतात, मी टाईप करते. मांजा म्हणजे काय ते समजवायला अर्धा दिवस गेला. त्याला प्रश्न पडला की पतंगाच्या दोऱ्याने वीज कशी जाईल. बाबा म्हणाले, "त्याला म्हणावं, जानेवारीत ये. हातमोजे घालून ये."

आता फ्यूज काढायची गरज नाही. बाबांची तेरा कारणं मी प्रोग्राममध्ये लिहिली, तो स्वतःच तशी वीज घालवल्याचं सोंग करतो. आई खूश, मिक्सर मोकळा झाला. बाबा जरा हिरमुसले. म्हणून दर रविवारी सकाळी एक खरी फांदी करायची असं ठरलंय, नाश्ता झाल्यावर.

'कारण समजले नाही' ह्यात नेमकं काय करायचं, हे अन्सेल्मला कळेना. बाबा म्हणाले, "सगळ्यात जास्त वेळा तेच व्हायचं. त्याला काय ठरवून करू नको. कसंबी जाऊ दे, कंदीबी येऊ दे." त्या चाचणीने माझ्या प्रोग्राममधल्या आणखी दोन चुका पकडल्या. मी त्या त्याच दिवशी सांगितल्या.

शनिवार, १९ मे

चाचण्यांच्या यादीवर नाव घालायचं असतं, कुणी केल्या त्याचं. बाबा नको म्हणाले. "चौतीस वर्षं लाईट गेली की लोकांनी माझंच नाव घेतलं. आता परदेशातनं बी घ्यायचे काय?"

मी म्हटलं, "रजिस्टरला सही नसली तर चालतं?"

मग म्हणाले, "पंढरीनाथ लिही, पुढं वायरमन. निवृत्त."

रविवार, १५ जुलै

पक्की आवृत्ती परवा निघाली. पत्रकात माझं वाक्य नाही, तिथे तेरा कारणांची यादी आहे. दुसरं मतदानही झालं, सातही हो. आठवी मी. अन्सेल्मने लिहिलंय की एप्रिलचं त्याचं 'नाही' आणि आताचं 'हो', दोन्ही नोंदीत राहतील. राहू देत. मी ती मेल पाच वेळा वाचली आणि आईला सांगितलं तर तिने विचारलं, "म्हंजे आता आणखी काम?" हो आई, आणखी काम.

पण लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी. आज आफ्रिकेतून, झांबियाच्या लुसाका शहरातून मेल आली. कुणी ग्रेस म्हणून बाई, एका दवाखान्यात बाळांच्या लसींच्या नोंदी सांभाळतात. लिहितात: 'आमची वीज नेहमी तुमच्या फांदीसारखी जाते. दर आठवड्याला काही बाळांच्या नोंदी हरवायच्या आणि आयांना परत बोलवावं लागायचं. काल तीनदा गेली, सगळ्या नोंदी जागेवर आहेत. वायरमन श्री. पंढरीनाथ यांना आमच्या सगळ्यांतर्फे धन्यवाद सांगा.'

मी पडवीत जाऊन मराठीत वाचून दाखवलं. बाबांनी पेपर खाली ठेवला.

"परत वाच."

परत वाचलं.

"लाईट घालवली म्हणून धन्यवाद?"

"हो."

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, पुसलेला परत पुसला. आई दारात येऊन उभी राहिली होती. मला वाटलं, आता रडणार हे. मग त्यांनी चष्मा डोळ्यावर चढवला आणि खिशातला टेस्टर नीट केला.

"त्या बाईला इचार," बाबा म्हणाले, "त्यांच्याकडं फांद्या तोडायला कोण येतो? त्याचा नंबर घे."